अनुभव धागा : घरच्या मंडळींसह लडाख आणि स्पीतीचा रस्ता

लडाखच्या रस्त्यांविषयीचे बहुतेक लेखन मोटारसायकलस्वारांचे असते. त्यात खिंडींची उंची सापडते, परंतु मनाली-लेह रस्त्यावरील सरचूच्या तंबूत मध्यरात्री सत्तरीच्या आईला धाप लागली तर कोणत्या दिशेला निघायचे, हे सापडत नाही. म्हणून ज्यांनी मुले किंवा वडीलधारी माणसे बरोबर घेऊन हा प्रवास केला आहे, त्यांनी कोणता मार्ग घेतला, मुक्काम कुठे केले आणि तिथेच का केले, हे येथे लिहावे अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो.

श्रीनगरमार्गे, आई आणि शाळकरी मुलीसह (पुणे)

आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी जाण्यास हरकत घेतली नाही, मात्र विरळ हवेची सवय व्हावी म्हणून झोपण्याच्या जागेची उंची टप्प्याटप्प्यानेच वाढली पाहिजे, अशी अट घातली. श्रीनगरच्या रस्त्यावर ही अट सहज पाळता येते, कारण श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, कारगिल सुमारे २,७०० मीटरवर आणि लेह ३,५०० मीटरवर आहे. मधल्या झोजी ला आणि फोतू ला या खिंडी उंच आहेत (फोतू ला ४,१०८ मीटर), पण त्या दिवसाउजेडी ओलांडून आपण रात्रीपर्यंत पुन्हा खाली आलेले असतो.

झोजी ला ओलांडताच मुलीने झाडे कुठे गेली असे विचारले, तेव्हा तिला महाबळेश्वर आणि माण-खटाव यांची आठवण करून दिली. डोंगर ढग अडवतो आणि पलीकडचा मुलूख कोरडा राहतो, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. फरक प्रमाणाचा आहे, कारण लेहला वर्षाकाठी सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. लामायुरूजवळच्या पिवळसर, चुरगळल्यासारख्या मातीच्या टेकड्या पाहताना हे वाळवंट आहे याविषयी तिला शंका उरली नाही. कारगिलचा मुक्काम पुष्कळ जण टाळतात आणि एका दमात लेह गाठतात. वडीलधाऱ्यांसह तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मनालीमार्गे, दोन मुलगे आणि सासऱ्यांसह (नाशिक)

वरील मताशी मी सहमत आहे, पण त्यामुळे मनालीचा रस्ता कुटुंबासाठी बाद ठरत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांग खिंड न चढता पलीकडच्या लाहौल खोऱ्यात उतरता येते. बहुतेकांना त्रास होतो तो सरचूच्या मुक्कामाने. सरचू जवळजवळ ४,३०० मीटरवर आहे, म्हणजे लेहपेक्षाही बरेच उंच, आणि तिथून कुठल्याही बाजूला निघाले तरी खाली उतरण्यापूर्वी आणखी उंच खिंड चढावी लागते. आम्ही मनालीला विश्रांती घेऊन जिस्पाला (सुमारे ३,२०० मीटर) एक जादा रात्र काढली आणि तेथून पहाटे निघून थेट लेह गाठले. तो दिवस फार लांबला, सासऱ्यांची पाठ दुखली, गाटा लूप्सच्या एकवीस वळणांवर धाकट्याला गाडी लागली. परंतु टांगलांग ला (५,३२८ मीटर) ओलांडून उप्शीला सिंधूच्या काठाशी आल्यावर दोघांचीही डोकी हलकी झाली. मोरे मैदानाचा सपाट, वाळूचा पट्टा मुलांना सर्वाधिक आवडला. तेथे गाडी थांबवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण ते मैदानही साडेचार हजार मीटरच्या वर आहे.

इंधनाविषयी एक गोष्ट. लाहौलमधील तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा प्रसिद्ध फलक आहे. टाकी तेथेच काठोकाठ भरावी.

विमानाने लेह, पुढे टॅक्सी (ठाणे)

आजीसाठी रस्त्याचा लांब प्रवास शक्यच नव्हता, म्हणून आम्ही विमानाने गेलो. त्यात हाडांना आराम मिळतो, पण शरीर काही तासांत समुद्राच्या पातळीवरून ३,५०० मीटरवर येऊन पडते, तेव्हा सुरुवातीचे दिवस पूर्ण विश्रांतीचेच धरावेत. खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात गेलो. खिंडीतल्या जुन्या फलकावर १८,३८० फूट लिहिलेले असले तरी आधुनिक मोजणीने ती ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे साडेसतरा हजार फूट भरते. फुप्फुसांना तेवढीही पुरते. आम्ही गाडीतून न उतरता पुढे निघालो. नुब्राचे हुंदर लेहपेक्षा सखल असल्याने आजीला तेथे उत्तम झोप लागली. वाळूच्या टेकड्यांवरचे दोन वशिंडांचे उंट मध्य आशियातील यारकंदच्या व्यापारी तांड्यांचे वंशज आहेत, हे तिला फार रंजक वाटले. पँगाँगला मुक्काम न करता दिवसाच्या दिवसात परतलो, कारण तलावाकाठचे तंबू सव्वाचार हजार मीटरवर आहेत.

किन्नौरमार्गे स्पीती, आईवडील आणि लहान मुलासह (कोल्हापूर)

लडाखच्या गर्दीत ज्यांना रस नाही, त्यांनी शिमल्याकडून किन्नौरमार्गे हिमाचलमधील स्पीती खोऱ्यात शिरावे. मनालीकडून कुंझुम खिंडीने काझाला येणारा रस्ता जवळचा असला तरी ग्रांफू ते बातल हा दगडधोंड्यांचा पट्टा वृद्धांच्या मणक्यांना सोसवणारा नाही. किन्नौरची वाट मात्र सतलजच्या कडेने हळूहळू चढते. सराहन, कल्पा, ताबो आणि मग काझा असे आमचे मुक्काम होते. खाबला स्पीती नदी सतलजला मिळते. तेथून पुढे सफरचंदाच्या बागा विरळ होतात आणि उघडे डोंगर सुरू होतात. वडिलांना ताबोचा मठ पाहायचा होता. इ. स. ९९६ मधील हा मातीचा मठ बाहेरून अगदी साधा दिसतो, पण आतली भित्तिचित्रे पाहत ते बराच वेळ बसून राहिले. आत छायाचित्रणास मनाई आहे.

वाटेतले नाले सकाळी ओलांडावेत, कारण उन्हाने बर्फ वितळू लागले की दुपारनंतर पाणी वाढते. जेवणाबाबत सांगायचे तर, काझाच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. आईने लहान कुकर आणि मेतकुटाचा डबा आग्रहाने बरोबर घेतला होता, त्यामुळे मुलाच्या जेवणाची चिंता मिटली.

औषधांविषयी पुरवणी (पुणे, धागाकर्ता)

कुटुंबात सल्फा औषधांची ॲलर्जी कोणाला असल्यास विरळ हवेसाठी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ऑक्सिमीटर जवळ असावा, पण त्यावरील आकड्यापेक्षा माणसाच्या बोलण्या-चालण्याकडे अधिक लक्ष द्यावे. चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे किंवा बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. झंस्कारच्या नव्या रस्त्याने कोणी कुटुंबासह गेले असल्यास त्यांनी तेथील पदुम गावच्या मुक्कामाविषयी अवश्य लिहावे.