रक्तदात्यांमध्ये हिपॅटायटिस ई किती जणांत सापडतो?

सांगलीकर_दाता: परवा शिबिरात रक्त दिलं, तिथे कळलं एचआयव्ही, कावीळ बी, सी, सिफिलिस, मलेरिया एवढंच तपासतात. लंडनची ताई म्हणते तिकडे कावीळ ई (हिपॅटायटिस ई) पण बघतात. मग आपल्याकडे का नाही?

वाचनवेडा: इंग्लंडमध्ये २०१२-१३ ला सव्वादोन लाख पिशव्या तपासल्या, ७९ मध्ये व्हायरस निघाला, म्हणजे २,८४८ ला एक, आणि दाते सगळे ठणठणीत वाटणारे! तिकडे तो मुख्यतः डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून येतो.

लॅबवाली: वरचा आकडा रक्तात व्हायरस असलेल्यांचा आहे, अँटीबॉडीचा (व्हायरसशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) वेगळा. अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी होऊन गेलेला, धोका असतो तो आत्ता रक्तात व्हायरस असेल तर, हे दोन आकडे मिसळू नका प्लीज. आपल्याकडे गटाराचं पाणी नळात शिरलं की येतो, दिल्लीत १९५५-५६ ला २९ हजार जणांना कावीळ झालेली. धडधाकट माणूस बरा होतो पण गरोदर बायका, किडनी बदललेले पेशंट यांना फार जड जातं, निदान त्यांना द्यायच्या रक्तासाठी तरी टेस्ट व्हायलाच हवी.

सांगलीकर_दाता: आमच्या गल्लीत कावीळीची साथ आहे हो, पुढच्या वेळी देऊ का?

लॅबवाली: घरात कोणाला झाली असेल तर आधी शिबिरातल्या डॉक्टरांना सांगा, लपवू नका.