डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनसाठी डेटाबेस आणि भाषा कोणती घ्यावी?

अर्धविराम
साठा, बिलं आणि येणी-देणी सांभाळणारं अ‍ॅप्लिकेशन लिहायला घेतोय, विंडोजवर. आज एकच संगणक आहे, वर्षभरात तीन-चार होतील. माझा कल एसक्यूलाइट हा डेटाबेस आणि पायथन ही भाषा यांच्याकडे आहे. सगळा डेटा एका फाइलीत, सर्व्हरची भानगड नाही. चुकत असेन तर सांगा.

जुनं खोड
एका संगणकापुरतं बरोबर. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येतं, तेही चालवून घेता येईल. धोका आहे तो फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवण्यात. नेटवर्कवरचं फाइल लॉकिंग, म्हणजे एक लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणं, भरवशाचं नसतं, दोघांनाही वाटतं की लॉक आपल्याकडेच आहे. मी हे करून बसलोय. सहा महिने सुरळीत चाललं आणि एका सकाळी बिल सेव्ह करताना 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड' एवढी एक ओळ आली, म्हणजे फाइल बिघडली. बॅकअप आठवड्यापूर्वीचा. मधली सगळी बिलं कागदावरून पुन्हा भरली, दोन रात्री जागून. आता दुसरा संगणक येणार असं नुसतं कानावर आलं तरी मी पहिल्या दिवशीच पोस्टग्रेस, म्हणजे सर्व्हरवर चालणारा डेटाबेस, बसवतो.

कळफलक
अनुभव खरा, निष्कर्ष पटत नाही. फाइल नेटवर्कवर ठेवू नका, हे एसक्यूलाइटचे कर्ते स्वतःच बजावतात. सर्व्हर आला की पोर्ट, फायरवॉल, पासवर्ड आणि आवृत्ती बदलताना डेटा हलवणं गळ्यात पडतं. वापरणाऱ्याकडे हे बघायला कोण असतं? आज एसक्यूलाइट घ्या, क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा, एकाच ठिकाणी लिहा, गरज पडेल तेव्हा बदला.

जुनं खोड
तो बदलच जड जातो. एसक्यूलाइट आकड्याच्या रकान्यात मजकूर मुकाट्याने घेतं. २०२१ पासून असा चुकीचा प्रकार नाकारणारी स्ट्रिक्ट टेबलं आहेत, पण ती मुद्दाम तशी बनवावी लागतात. रकमेसाठी डेसिमल, म्हणजे अचूक दशांशाचा, प्रकार नाही, अपूर्णांक फ्लोट या अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात जातो. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवून बघा: ०.३०००००००००००००००४. हिशेबाच्या प्रोग्रॅमला हे परवडत नाही. पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक हा अचूक प्रकार आहे.

कळफलक
रक्कम सर्वात लहान एककात, पूर्णांक म्हणून ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

दशांश
भाषेवर कोणी बोललंच नाही. मी सी शार्प घेईन. डेसिमल भाषेतच आहे, ग्रिड आणि छपाई हाताशी, आणि चुकीचा प्रकार कंपायलरच अडवतो. पायथन प्रोग्रॅमची पायइन्स्टॉलर या साधनाने बांधलेली एक्झी फाइल अँटिव्हायरसने उगाच अडवल्याचे प्रकारही होतात. आणखी एक, भाषा निवडताना दहा वर्षांनी त्या कोडला हात कोण लावणार याचा विचार करा. व्हीबी ६, म्हणजे व्हिज्युअल बेसिक ही भाषा, आलं १९९८ मध्ये, त्याच्या आयडीईचा, म्हणजे कोड लिहायच्या साधनाचा, सपोर्ट २००८ मध्ये संपला. त्यातले प्रोग्रॅम अजून चालतात, दुरुस्तीला माणूस शोधावा लागतो.

अर्धविराम
दशांश, पायथनमध्ये मी आठ वर्षं काम करतोय. नव्या भाषेत पहिल्या वर्षी ज्या चुका करीन, त्या वापरणाऱ्याच्या हिशेबात दिसतील. त्यामुळे पायथन राहील, रकमेला डेसिमल मॉड्यूल. डेटाबेसबाबत मात्र जुनं खोड यांचं पटलं, पोस्टग्रेस घेतो.

कळफलक
मग बॅकअप कोण घेणार? चालू सर्व्हरचं डेटा फोल्डर नुसतं कॉपी करून भागत नाही.

अर्धविराम
रोज रात्री पीजी-डंप, म्हणजे पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन, आपोआप चालेल. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून, शेवटचं बिल आलंय का ते मी स्वतः बघेन.