विषय: शनिवारचा रेडिओ तास – देशवार की ठेक्यावार?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,
सामुदायिक रेडिओवर दर शनिवारी एक तास मंडळाला मिळाला आहे. जगभरातलं, ऐकताना पाय हलतील असं संगीत वाजवायचं, यावर सभेत दुमत नव्हतंच. कार्यकारिणीचा विचार असा की दर आठवड्याला एक देश घ्यावा. आधी क्यूबा, मग नायजेरिया, मग बल्गेरिया. निवेदन आळीपाळीने. सूचना गुरुवारपर्यंत कळवा, आणि कृपया सर्वांना दिसेल असंच उत्तर द्या. मला एकटीला पाठवलं की पुढे ढकलत बसावं लागतं.

प्रेषक: ढोलकीवाला

ताई, तास मिळवलात त्याबद्दल खरंच कौतुक. पण देशवार वाटणीला माझा ठाम विरोध. त्याचा भूगोलाचा तास होईल. राजधानी, लोकसंख्या, हवामान, आणि मग कुठे गाणं! शिवाय एकाच देशाची बारा गाणी ओळीने वाजवली की बाराव्याला कोणी नाचत नाही.

ठेका घ्या आणि त्याचा माग काढा. टेबलावर डाव्या हाताने सोळा सारखे ठोके द्या, उजव्याने फक्त पहिला, चौथा, सातवा, अकरावा आणि तेरावा. हा क्यूबाचा क्लावे. आता हा कुठे गेला बघा. १९३३ पासून एचएमव्हीने जीव्ही क्रमांकाच्या तबकड्या आफ्रिकेत विकायला काढल्या. त्यात बहुतेक क्यूबन संगीत. काँगो नदीच्या दोन्ही काठांवरच्या पोरांनी ते उचललं, सुरुवातीला न कळणाऱ्या स्पॅनिशमध्ये, मग आपल्या लिंगाला भाषेत. ते घरी आल्यासारखं वाटलं यात नवल नाही, मुळात तो ठेका आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबरच क्यूबाला गेला होता. १९६० साली ब्रुसेल्समध्ये काँगोच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना काँगोचा गायक ग्राँ काले आणि त्याच्या वाद्यवृंदाने 'अँदेपाँदाँस चा चा' तिथेच वाजवलं. स्वातंत्र्याचं गाणं, आणि ते क्यूबाच्या चा चा चा नाचावर! हे सगळं एका तासात बसतं, आणि ऐकणाऱ्याला इतिहास शिकवतोय असं कळतसुद्धा नाही.

किंवा सात मात्रा घ्या. बल्गेरियाचं राचेनित्सा हे लोकनृत्य २-२-३ असं चालतं, आपला रूपक ३-२-२. त्यांच्या शेवटच्या तीनपासून मोजायला लागा, खंड तेच. फरक वेगाचा. रूपकात खयालवाला निवांत बसतो, तिकडे त्याच सातांवर माणसं उड्या मारतात.

प्रेषक: जोशीकाका

ठेकेदारी मान्य! पण व्यवहाराचं बोला. तास म्हणजे घोषणा वगळून ५६-५७ मिनिटं. नायजेरियाच्या फेला कुटीचं एक गाणं बारा-पंधरा मिनिटं खातं, त्याचा आवाज यायलाच कित्येकदा पाच मिनिटं लागतात. प्रत्येक गाणं तीन मिनिटांवर हळूहळू मावळवून पुढे सरका, जास्त देश होतील.

प्रेषक: ढोलकीवाला

काका, तीन मिनिटांवर कापलंत तर नाचायचा भागच कापाल. काँगोच्या सुकुस या नाचाच्या संगीतात गाण्याचं वळण सुरुवातीला संथ असतं. शब्द संपतात, गिटारी एकमेकींत गुंततात, ड्रमवाला झांज मोकळी सोडतो, आणि तिथून सेबेन सुरू होतो. त्यासाठीच लोक उभे राहतात. तुमचा मावळतीचा हात नेमका तिथे येणार. फेलाचंही तेच. गायक येण्याआधीची ती पाच मिनिटं टोनी ॲलनच्या ड्रम्सची आहेत, त्यात वाया काही नाही. गाणी कमी वाजवा, पण पुरी वाजवा. नऊ पुष्कळ झाली.

प्रेषक: कुलकर्णीवहिनी

एक शंका. फेलाचं 'झॉम्बी' मलाही आवडतं, पण ते सैनिकांची टिंगल करणारं गाणं आहे. १९७६ मध्ये आलं, आणि १९७७ च्या फेब्रुवारीत सैनिकांनी लागोसमधलं त्याचं घर जाळलं. त्याच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतून फेकलं, १९७८ मध्ये त्या गेल्या. त्या काही कोणी अनोळखी बाई नव्हत्या. फुनमिलायो रॅन्सम-कुटी, बायकांवरच्या करांविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या. हे न सांगता नुसतं "चला नाचूया" म्हणायचं? भाषा कळत नाही म्हणून गाण्याला अर्थच नाही असं वागणं मला पटत नाही.

प्रेषक: ढोलकीवाला

वहिनी, सांगायलाच हवं, आणि तुम्हीच सांगा. फक्त गाणं संपल्यावर. आधी सांगितलं तर लोक गंभीर चेहऱ्याने ऐकतात. नंतर सांगितलं तर आपण आत्ता कशावर नाचलो हे त्यांना कळतं, आणि ते जास्त लागतं. दोन-तीन वाक्यं, त्याहून नाही. गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यांवर बोलायचं मात्र कोणीही नाही. रेडिओवाल्यांची ही सवय मला सहन होत नाही.

तांत्रिक एकच. जुन्या तबकड्यांवरून घेतलेली गाणी हळू आवाजात वाजतात, दक्षिण आफ्रिकेचं आजचं अमापियानो दणदणीत. आवाजाची पातळी आधीच सारखी करून फाइली द्यायच्या. आयत्या वेळी बटण फिरवून जमत नाही. आणि वेग चढता ठेवा. कोलंबियाचं कुंबिया मिनिटाला ९०-१०० ठोके, अमापियानो ११० च्या पुढे, अंगोलाचं कुडुरो १४० च्या आसपास. तासाच्या सुरुवातीलाच कुडुरो लावलं तर मागाहून काय लावणार?

प्रेषक: जोशीकाका

बरं, पुरी गाणी. पण आपलं काही वाजणार की नाही?

प्रेषक: ढोलकीवाला

वाजणार, पण "आता आपल्या मातीतलं" असा वेगळा कोपरा करून नाही. त्रिनिदादचा सोका घ्या. १८४५ ते १९१७ या काळात तिथे उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, नेले गेले, ढोलक आणि धनताल (ठोकून वाजवायची लोखंडी सळई) त्यांच्याबरोबर गेले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लॉर्ड शॉर्टी या गायकाने ती वाद्यं कॅलिप्सो या तिथल्या गाण्याच्या प्रकारात आणली, आणि सोका घडला. ढोलक म्हणजे आपली ढोलकी नव्हे, पण सोक्याला लागून लावणी लावा, कान नातं लगेच ओळखतो.

प्रेषक: सचिव

ठीक. देशवार रद्द, ठेक्यावार ठरलं. पहिला तास क्लावे, हवाना ते किन्शासा, नऊ गाणी, पुरी. निवेदन कुलकर्णीवहिनी, गाण्यानंतर. फाइली पातळी सारखी करून बुधवारपर्यंत माझ्याकडे. सोका-लावणी दुसऱ्या शनिवारी. लावणी कुठली, यावर भांडण होणारच आहे, त्याला कृपया वेगळा विषय टाकून मेल लिहा.