चालू सिस्टिमला हात लावावा का?

हिशोबनीस (धागाकर्ता)

एका नागरी सहकारी बँकेचं आयटी सांभाळतो. परवा संचालक मंडळासमोर व्हेंडरचं सादरीकरण झालं. सीबीएसची (बँकेची सगळी खाती सांभाळणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती, सगळं क्लाउडवर, वर खातेदारांशी मराठीत बोलणारा चॅटबॉट. एका संचालकांनी विचारलं, "बाकीच्यांनी घेतलंय, आपलं घोडं कुठं अडलंय?" मी म्हटलं, मार्चएंड होऊ द्या, मग बघू. सगळ्यांनी अशा नजरेने बघितलं की जणू मी अजून हाताने खतावणी लिहा म्हणतोय.

माझं म्हणणं असं आहे. पैशाची नोंद जिथे होते त्या गाभ्यात नवे प्रयोग नकोत. स्क्रीन बदला, ॲप बदला, चॅटबॉट आणा, हरकत नाही. पण ईओडी (दिवसअखेरचा हिशोब), व्याजाची आकारणी, जमा-नावे हे चालतंय ते चालू द्या. आणि कुठलाही पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, आला की किमान दोन आठवडे दुसऱ्यांचं काय होतंय ते बघा.

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी ९:३९ ला एक छोटी फाइल जगभर सोडली आणि १०:५७ ला मागे घेतली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज मशीन बंद पडून निळ्या पडद्यावर जाऊन बसली. नव्या फाइलमधल्या नियमाला २१वं मूल्य तपासायचं होतं, प्रोग्रॅम पुरवत होता २०च. एकविसावं शोधायला तो मेमरीत नको तिथे गेला आणि विंडोजला सोबत घेऊन पडला. आमच्याकडे व्हाउचरवर एक रकाना रिकामा राहिला तरी पासिंग ऑफिसर ते परत पाठवतो. तिथेही फाइल तपासणारा प्रोग्रॅम होता, पण खोट त्याच्यातच होती.

बोला.

कुलूपकिल्ली

सपशेल असहमत. सिक्युरिटीत काम करतो, त्यामुळे 'दोन आठवडे थांबा' ऐकलं की पोटात गोळा येतो.

२०१७ घ्या. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या भोकावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला पॅच दिला. ते भोक वापरून फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस, वॉनाक्राय, आला १२ मेला. म्हणजे जवळजवळ दोन महिने हातात होते! तरी ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. त्यानंतरही कित्येक जण झोपलेलेच, आणि २७ जूनला नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तेच भोक वापरलं. मर्स्क ही जहाज कंपनी आडवी झाली, तिच्यासोबत आपल्या न्हावा शेव्यातलं तिचं टर्मिनलही ठप्प. कंपनीने नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं.

आणि क्राउडस्ट्राइकचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. त्यांच्या कित्येक ग्राहकांनी तुमच्यासारखंच धोरण ठेवलं होतं, मुख्य प्रोग्रॅम मुद्दाम एक आवृत्ती मागे. तेही पडले. कारण ही फाइल त्या सेटिंगला विचारतच नव्हती, थेट सगळ्यांकडे जात होती. तुमचं थांबणं तिथे कामाला आलं असतं कसं?

हिशोबनीस

नॉटपेट्या शिरला कुठून, ते बरं सोयीस्कर गाळलंत. युक्रेनमधल्या एम.ई.डॉक नावाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! तिथे ज्याने अपडेट तत्परतेने घेतला त्यालाच आधी लागण. शिवाय तो मशीनमधले पासवर्ड उचलून पुढे सरकत होता, त्यामुळे पॅच मारलेली मशीनही गेली.

कुलूपकिल्ली

मान्य. पण म्हणून अपडेट बंद करायचे? औषधात भेसळ सापडली म्हणून कुणी औषध सोडत नाही.

पोलवरचा काका

दोघांचं वाचलं. मी विद्युत मंडळातून निवृत्त, सबस्टेशनच्या प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे बिघाड झाला की लाइन तोडणाऱ्या यंत्रणेत, उमर गेली. त्या मर्स्कच्या गोष्टीतला एक भाग कुणीच सांगितला नाही. त्यांचे जगभरचे डोमेन कंट्रोलर (नेटवर्कमध्ये कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारे सर्व्हर) पुसले गेले, वाचला एकच, घानामधला. का? तिथे त्या वेळी वीज गेली होती म्हणून तो नेटवर्कबाहेर होता. लाइट गेली म्हणून आयुष्यभर शिव्या खाल्ल्या राव, लाइट जाण्याने कुणाचं भलं झाल्याचं हे पहिलंच ऐकलं.

मला विचाराल तर नवं की जुनं हा वादच चुकीच्या जागी चाललाय. एरियान ५ या युरोपच्या रॉकेटचं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्रॅम एरियान ४ वरून जसाच्या तसा उचललेला. वर्षानुवर्षं चाललेला, हिशोबनीसरावांना आवडेल असा. नवं रॉकेट सुरुवातीलाच जास्त आडव्या वेगाने जायचं, तो आकडा १६ बिटांच्या जागेत मावेना. सुमारे ३७ सेकंदांत यंत्रणा बंद. बॅकअप होता ना? होता. पण त्यात तोच प्रोग्रॅम, त्यामुळे तोही त्याच कारणाने आधीच बंद पडलेला. गंमत म्हणजे ते गणित उड्डाणानंतर लागतच नव्हतं. जुन्या रॉकेटच्या सोयीसाठी ठेवलेलं, ते कुणी काढलं नाही.

म्हणून आम्ही ४०० केव्हीच्या लाइनला मेन-१ आणि मेन-२ असे दोन रिले (फॉल्ट ओळखून लाइन बंद करायला लावणारी यंत्रं) लावतो, आणि ते वेगवेगळ्या कंपनीचे. खरेदीवाले दरवेळी कटकट करतात, एकाच कंपनीचे घेतले तर स्वस्त पडतात म्हणून. जुने यांत्रिक इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले काढून संगणकी न्यूमेरिकल आले तेव्हा आम्हीही नाकं मुरडली होती. पण नवा रिले फॉल्ट कुठे, किती किलोमीटरवर, ते सांगतो. जुन्याच्या वेळी लाइनमन टॉवर मोजत चालायचा, पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून. ते परत आणा असं मला कुणी सांगू नये.

तेव्हा प्रश्न एवढाच विचारा, बिघडलं तर एका वेळी किती बिघडेल?

मांडवीकाठ

त्या १९ जुलैला गोव्याच्या विमानतळावर अडकलो होतो. काउंटरवरच्या मुलीने खणातून कोऱ्या बोर्डिंग पासचा गठ्ठा काढला आणि निळ्या बॉलपेनने नाव, फ्लाइट, सीट लिहायला घेतलं. माझी सीट दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिली. उशीर झाला, पण उडालो. तो गठ्ठा त्या खणात असावा असं कुणीतरी आधी ठरवलं असणार, त्या अज्ञात माणसाला +१.

पेठेतली

काका, तुमचा प्रश्न पटला. पण 'गाभ्यात प्रयोग नको' हे मला पटत नाही. मी पेमेंट क्षेत्रात आहे, पुण्यात.

यूपीआय २०१६ साली आलं ते २०१० पासून चालत असलेल्या आयएमपीएसच्या (बँकेतून बँकेत लगेच पैसे पाठवण्याच्या सेवेच्या) पायावर. इथपर्यंत हिशोबनीस खूश. पण व्यवहार वाढले तसा दहा-वीस रुपयांच्या चहाचा भारही बँकांच्या सीबीएसवर यायला लागला. मग २०२२ मध्ये यूपीआय लाइट आलं. सुरुवातीला २०० रुपयांपर्यंतचे व्यवहार, पिन नाही, पैसे आधीच बाजूला काढलेले, प्रत्येक वेळी सीबीएसला हाक मारायची गरज नाही. हे नावीन्यच आहे की नाही? आणि ते केलं कशासाठी? गाभा कोलमडू नये म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याचे व्यवहार २००० कोटींच्या वर गेले. २०१६ च्या रचनेला हात लावायचा नाही म्हणून बसलो असतो तर भाजीवालीने क्यूआर कधीच उतरवून ठेवला असता.

हिशोबनीस

आणि १२ एप्रिल २०२५ ला काय झालं? शनिवार होता, दुपारी यूपीआय लोळत होतं.

पेठेतली

ते तर माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. काही बँका 'व्यवहाराचं काय झालं' ही विचारणा एनपीसीआयकडे, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेकडे, पुन्हा पुन्हा मारत होत्या, जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा. त्यात नवं फीचर काहीच नव्हतं. सावधगिरी म्हणून टाकलेला रिट्राय, म्हणजे उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारणं, आणि त्यावर मर्यादा नाही. एकाला उत्तर उशिरा मिळालं की तो आणखी विचारतो, त्यामुळे सगळ्यांनाच उशीर, मग सगळेच विचारतात. विश्वासार्हतेच्या नावाखाली लिहिलेला कोडही सिस्टिम पाडतो, ही माझी रोजची डोकेदुखी आहे.

कुलूपकिल्ली

काकांचा प्रश्न, एका वेळी किती बिघडेल, तो क्राउडस्ट्राइकनेही नंतर मान्य केला. आता त्या फाइली टप्प्याटप्प्याने जातात आणि कधी घ्यायच्या यावर ग्राहकाचा ताबा असतो. आधी पाच टक्के मशीनवर सोडा, तासभर बघा, मग पुढे. वेगही राहतो, जीवही वाचतो. विषय संपला.

हिशोबनीस

संपला कसा? ते पहिले पाच टक्के कोण? मोठ्या बँका स्वतःचा यूएटी सेटअप (आधी चाचणी घ्यायची वेगळी सिस्टिम) ठेवतात आणि व्हेंडरला दम देऊन 'आम्हाला शेवटी द्या' म्हणतात. पहिल्या खेपेला आमच्यासारखे. सोमवारी सकाळी पेन्शनवाले आजोबा पासबुक घेऊन उभे, आणि मी त्यांना सांगायचं की तुम्ही पाच टक्क्यांत आलात?

कुलूपकिल्ली

हा मुद्दा खरा आहे. उत्तर माझ्याकडे नाही.

पेठेतली

टप्पे करता येत नसतील तर परत फिरता यायला हवं. टीएसबी या ब्रिटिश बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका वीकएंडला सुमारे ५२ लाख ग्राहक नव्या सिस्टिमवर हलवले, सगळे एकदम. कित्येकांना आठवडेच्या आठवडे आपल्याच खात्यात शिरता आलं नाही, नंतर ४.८६५ कोटी पौंडांचा दंड. व्हेंडरला दोनच गोष्टी विचारा: सुरुवात किती शाखांनी, आणि फसलं तर जुन्यावर यायला किती तास. तोंडी नको, करारात.

हिशोबनीस

आजच फोनवर विचारलं. म्हणतो, डेटा नव्या सिस्टिमवर हलवल्यावर रोलबॅक, म्हणजे जुन्यावर परत येणं, 'सपोर्टेड नाही'. तेव्हा जुनी सिस्टिम महिनाभर समांतर चालवायची अट घालतोय, त्याचा खर्च कुणी करायचा यावर गाडी अडलीय. पायलट, म्हणजे पहिला प्रयोग, एकाच शाखेत, हे जीएमसाहेबांनी मान्य केलं. ते म्हणतात सगळ्यात लहान शाखा घ्या. मी म्हणतो मुख्य कचेरी, जिथे आम्ही स्वतः बसतो.

पोलवरचा काका

मुख्य कचेरीच. खालच्या मजल्यावर बोंब झाली की वरचे लवकर हलतात.

कुलूपकिल्ली

अजिबात नको, सगळं क्लिअरिंग तिथून होतं ना तुमचं? लहान शाखाच घ्या, फक्त व्हेंडरची दोन माणसं महिनाभर तिथे नेऊन बसवा. राहायची-जेवायची सोय त्यांची त्यांनी करावी.