मॅकग्रेगर : आडनावावरून वंश ठरवता येतो का?

धागाकर्ता : आडनाव हा वंशाचा पुरावा मानू नये, असे माझे मत आहे आणि त्यासाठी स्कॉटलंडच्या मॅकग्रेगर घराण्याचे उदाहरण मला पुरेसे वाटते. ग्लेन ऑर्की आणि ग्लेनस्ट्रे या खोऱ्यांतल्या या लोकांच्या जमिनी हळूहळू कॅम्पबेल सरदारांकडे गेल्या, त्यातून वैर पेटले आणि फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइन येथे त्यांनी कहून या दुसऱ्या कुळाची कत्तल केल्यावर सहाव्या जेम्सच्या राजवटीने एप्रिलमध्ये हे नावच बेकायदा ठरवले. ते न सोडणाऱ्याला मृत्युदंड होता. लोकांनी मरे, ड्रमंड, ग्रँट, अगदी कॅम्पबेलही लावले. मग आजच्या ड्रमंड कुटुंबाचा पूर्वज कोण, हे आडनाव कसे सांगणार?

विरोधी प्रतिसाद : आपण कायद्याचा इतिहास सांगितला, लोकांच्या स्मरणाचा नाही. ही बंदी १६६१ मध्ये उठली, १६९३ मध्ये पुन्हा लादली गेली आणि १७७४ मध्ये कायमची गेली. म्हणजे एकूण सुमारे १४० वर्षे हे नाव उघडपणे लावणे गुन्हा होता. तरीही बंदी संपल्यावर ८२६ जणांनी लॅनरिकच्या जॉन मरे यांना कुळप्रमुख मानले आणि पुढे त्यांच्या घराण्याने मॅकग्रेगर हे नाव पुन्हा घेतले. कागदावर मरे असलेला माणूस आपण मूळचे कोण, हे पिढ्यान्‌पिढ्या विसरला नव्हता. मॅकग्रेगरांतला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय याने आईचे कॅम्पबेल हे नाव लावले, म्हणून त्याला कोणी कॅम्पबेल म्हणत नाही.

धागाकर्ता : त्या ८२६ जणांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे, परंतु निष्ठा म्हणजे रक्त नव्हे. डोंगराळ भागात आश्रित कुळेही प्रमुखाचे नाव घेत असत. शिवाय ‘ग्रेगर’ हे मुळात ग्रेगरी या बाप्तिस्म्याच्या नावाचे रूप आहे, त्यामुळे ‘ग्रेगरचा मुलगा’ कोणत्याही गावात जन्मू शकतो. संगीतकार एडवर्ड ग्रीग यांचे पणजोबा अलेक्झांडर १७७० च्या सुमारास ॲबर्डीनशायरहून नॉर्वेतील बर्गनला स्थायिक झाले. तेथे ‘ग्रेग’ची अक्षरे उलटसुलट होऊन ‘ग्रीग’ झाले. ग्रेग हे मॅकग्रेगरांचे उपकुळ मानले जाते, पण केवळ तेवढ्यावरून त्यांना ग्लेनस्ट्रेच्या घराण्याशी जोडणे मला पटत नाही.

विरोधी प्रतिसाद : ग्रीग यांच्याबाबत मी आपल्याशी सहमत आहे. मात्र वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या चाचण्यांत आज वेगळे आडनाव लावणारे काही पुरुष मॅकग्रेगरांच्या मुख्य गटाशी जुळतात, म्हणजे काही घरांची आठवण खरी होती. म्हणून शोध घेणाऱ्याने १७७४ पूर्वीच्या चर्चच्या नोंदींत केवळ मॅकग्रेगर पाहू नये. बाल्क्विडरसारख्या परगण्यातल्या एकाच शेतवाडीवर आजोबाचे नाव मरे आणि नातवाचे मॅकग्रेगर दिसते का, ते पाहावे. तेथे माणूस बदललेला नसतो, फक्त नोंद बदललेली असते.