तेलगळती म्हणावे की विसर्ग?

प्रश्न : जहाजांमुळे होणाऱ्या सागरी प्रदूषणाची कारणे तपासणाऱ्या एका अहवालाचे भाषांतर मी करत आहे. मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारातील ‘डिस्चार्ज’ या शब्दासाठी मी सर्वत्र ‘गळती’ लिहिले, पण संपादकांनी तो शब्द अडवला. वर्तमानपत्रांत ‘तेलगळती’ इतका रुळलेला असताना हरकत कशासाठी असावी?

उत्तर : हरकत रास्त आहे. गळणे हे अकर्मक क्रियापद आहे. छप्पर गळते, नळ गळतो. तेथे गळवणारा कोणी नसतो. सोडणे, ओतणे, उपसणे आणि टाकणे यांच्यामागे मात्र माणूस उभा असतो. सांडणे दोन्हीकडे चालते : दूध सांडते आणि कोणीतरी ते सांडतोही. 1973 च्या मार्पोल कराराने डिस्चार्जची व्याख्या करताना निसटणे, सांडणे, गळणे, पंपाने बाहेर टाकणे, रिकामे करणे असे सगळे प्रकार, ते कोणत्याही कारणाने घडलेले असोत, एकाच शब्दात बसवले आहेत. तुम्ही त्या सगळ्याला गळती म्हटले की कारणांचा तपास सुरू होण्याआधीच कर्ता वाक्यातून नाहीसा होतो.

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया 3 या जहाजांची टक्कर झाली व सुमारे 800 टन तेल समुद्रात गेले. त्याला तेलगळती म्हणणे चुकीचे नाही, कारण टाकी फुटली आणि तेल आपोआप बाहेर आले. आता दुसरे चित्र पाहा. इंजिनरूमच्या तळाशी साचणारे तेलकट पाणी गाळणी यंत्रातून नेऊन, दहा लाख भागांत 15 भागांहून अधिक तेल उरले नसेल तरच, चालत्या जहाजातून समुद्रात सोडता येते. काही जहाजांवर ते यंत्र टाळून एक सुटा पाइप थेट बाहेरच्या व्हॉल्व्हला जोडतात. दर्यावर्दी मंडळी त्याला ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. तपासनीस तेथे नटबोल्टवरचा खरवडलेला रंग आणि पाइपच्या आतली काळी चिकट पुटे शोधतो, आणि तेल-नोंदवहीतले आकडे त्यांच्याशी ताडून पाहतो. याला गळती म्हणणे म्हणजे चोराने नेलेल्या वस्तूला ‘हरवली’ म्हणणे होय.

हा भेद कायद्यातही आहे. जहाजाचे नुकसान झाल्यामुळे तेल गेले आणि नुकसानीनंतर ते रोखण्याची योग्य ती काळजी घेतली गेली, तर करार सूट देतो. मालकाने किंवा कप्तानाने जाणूनबुजून अथवा बेफिकिरीने नुकसान घडवले असेल तर देत नाही.

प्रश्नकर्ता : मग ‘विसर्ग’ कसा वाटतो?

उत्तर : खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढवला, हे आपण दर पावसाळ्यात वाचतो, आणि तेथे दरवाजे उघडणारा कोणी तरी असतोच. त्यामुळे हा शब्द उलट बाजूला झुकतो. तरी पारिभाषिक शब्द म्हणून व्याख्येसह तोच घ्यावा, आणि प्रत्यक्ष घटना सांगताना गळले, सांडले की सोडले ते क्रियापदाने स्पष्ट करावे.

आणखी एक मत : माझी शंका विभक्तीविषयी आहे. ‘जहाजातून होणारे प्रदूषण’ म्हटले की तेल आणि मैलापाणी येते, ‘जहाजावरून’ म्हटले की डेकवरून पडलेले कंटेनर आणि कचरा. पण जहाजाच्या बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगातील ट्रायब्युटिल टिन हे कथिलयुक्त विष, ज्याने समुद्री गोगलगायींच्या माद्यांत नराची इंद्रिये वाढल्याचे दिसून आले, ते ना आतून येते ना वरून. 2008 मध्ये अमलात आलेल्या कराराने त्यावर बंदी घातली. म्हणून अहवालाच्या शीर्षकात ‘जहाजांमुळे’ हेच योग्य.

जाता जाता, ‘बॅलास्ट’साठी, म्हणजे जहाज स्थिर राहावे म्हणून त्यात भरल्या जाणाऱ्या वजनासाठी, गलबतांच्या काळातला ‘नीरम’ हा शब्द सुचवतो. तेव्हा नीरम म्हणजे दगड किंवा वाळू. आज ते टाक्यांत भरलेले समुद्राचे पाणी असते, आणि एका बंदरातले जीव दुसऱ्या बंदरात नेऊन सोडते.

प्रश्नकर्ता : शीर्षकात ‘जहाजांमुळे’ आणि व्याख्येत ‘विसर्ग’ ठेवतो. नीरम मोहक आहे, पण वाचक अडखळेल; ‘बॅलास्टचे पाणी’ असेच लिहीन.