नवशिक्या मुलीसाठी वापरलेली गाडी घ्यायची आहे: लहान घ्यावी की मोठी?

कोरी पाटी (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी १८ वर्षांची आहे आणि तिला नुकताच वाहन चालवण्याचा परवाना मिळाला आहे. पुढच्या सत्रापासून महाविद्यालयात जाण्यायेण्यासाठी तिला गाडी लागणार असून नवी गाडी परवडण्याजोगी नसल्यामुळे आम्ही वापरलेली गाडी घ्यायचे ठरवले आहे. आतापर्यंत तीन गाड्या पाहिल्या. पहिली १२ वर्षांची छोटी हॅचबॅक आहे. ती एकाच मालकाने अगदी बेताने चालवलेली असून बाहेरून चकचकीत आहे. दुसरी ८ वर्षांची मध्यम आकाराची सेडान आहे, पण ती पहिलीच्या जवळजवळ दुप्पट धावली आहे. तिसरी उंच, दणकट एसयूव्ही असून तिच्यात बसल्यावर मला स्वतःला फार सुरक्षित वाटले.

माझ्या यजमानांचे म्हणणे असे, की शिकाऊ हाताला जुनी आणि छोटी गाडीच बरी, म्हणजे ती कुठे घासली किंवा आपटली तरी जीव जळणार नाही. मुलीच्या मनात मात्र एक चौथीच, दोन दारांची वेगवान गाडी भरली आहे. ती आम्ही चर्चेतून बाद केली असली, तरी तिचा विषय रोज जेवताना निघतोच. मला विचारायचे आहे ते हे, की अशा खरेदीत वय, धाव, आकार आणि सुरक्षेच्या सोयी यांपैकी आधी कशाकडे पाहावे, आणि बोनेट कुठून उघडते एवढेच ठाऊक असलेल्या माझ्यासारखीने गाडी तपासावी तरी कशी?

आकडेमोड

आपल्या यजमानांचा विचार बहुतेक घरांत केला जातो, आणि माझ्या मते तो मुळातच उलटा आहे. घरातल्या सर्वांत कमी अनुभवाच्या चालकाच्या हाती आपण घरातली सर्वांत जुनी, सर्वांत हलकी आणि सर्वांत कमी सुरक्षित गाडी देतो, आणि ज्याला वीस वर्षांचा सराव आहे तो सगळ्या सोयींच्या गाडीत बसतो. गाडी खांबाला घासणे आणि गाडी समोरासमोर आदळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पत्रा जातो आणि त्याचा हिशेब पैशांत होतो. खरेदी दुसरीचा विचार करून करायची असते.

म्हणून वय किंवा धाव यांच्याही आधी एक प्रश्न विचारावा: या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, आहे का? निसरड्या वळणावर किंवा अचानक कोणी आडवे आल्यावर नवशिका चालक घाबरून स्टिअरिंग एकदम फिरवतो, मग तितक्याच घाईने उलट फिरवतो आणि गाडीचा मागचा भाग फेकला जातो. स्टिअरिंग ज्या दिशेला आहे तिकडे गाडी जात नाही, हे ही यंत्रणा सेन्सरच्या साह्याने ओळखते आणि चारांपैकी नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून, गरज पडल्यास इंजिनाची ताकदही कमी करून, गाडीला वळणावर परत आणते. एकाच पॅडलने चारही चाकांना ब्रेक लावणाऱ्या माणसाला, तो कितीही कसलेला असला तरी, हे शक्य नाही. विक्रेते या प्रश्नावर अनेकदा ‘एबीएस आहे ना’ असे उत्तर देतात. पण एबीएस फक्त जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ देत नाही, घसरणारी गाडी सावरणे हे त्याचे काम नव्हे.

अमेरिकेत २०१२ या मॉडेल वर्षापासून सर्व नव्या मोटारींत आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून विकल्या गेलेल्या सर्व नव्या मोटारींत ईएससी सक्तीची आहे. जिथे अशी सक्ती नाही तिथे एकाच मॉडेलच्या महाग प्रकारात ती अनेकदा असते आणि स्वस्त प्रकारात नसते, म्हणून केवळ मॉडेलच्या नावावर विसंबू नये. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचे, मागे दोन नागमोडी रेषा असलेले चिन्ह क्षणभर उजळते का, ते पाहावे. आपल्या १२ वर्षांच्या हॅचबॅकमध्ये ते उजळणार नाही अशी मला दाट शंका आहे.

आकाराबाबत बोलायचे तर दोन गाड्या एकमेकींवर आदळतात तेव्हा हलक्या गाडीच्या वेगात अधिक मोठा बदल होतो, म्हणजेच आतल्या माणसांना अधिक मोठा धक्का बसतो. हा भौतिकशास्त्राचा नियम असून तो एअरबॅगांच्या संख्येने पुसला जात नाही. अपघात चाचण्यांचे तारे पाहताना हीच गफलत होते. समोरून धडकेच्या चाचणीत गाडी साधारणपणे आपल्याच वजनाच्या गाडीवर आदळावी अशी परिस्थिती उभी केलेली असते, त्यामुळे छोट्या गाडीचे पाच तारे आणि मोठ्या गाडीचे पाच तारे एकाच तराजूत तोलता येत नाहीत. शिवाय गाड्यांना असे तारे देणाऱ्या, १९९७ मध्ये सुरू झालेल्या युरो एनकॅप या युरोपीय उपक्रमाच्या चाचण्या वेळोवेळी कडक होत गेल्या आहेत, तेव्हा ताऱ्यांबरोबर चाचणीचे वर्षही वाचावे.

याचा अर्थ जितकी मोठी तितकी चांगली, असा मात्र घेऊ नये. उंच एसयूव्हीचा गुरुत्वमध्य वर असतो, ती थांबवणे आणि वळवणे नवख्या हाताला अवघड जाते, आणि तिच्यापुढे येणाऱ्या पादचाऱ्याची काय गत होईल हाही विचार करायला हवा. उंचावर बसल्याने वाटणारी सुरक्षितता बरीचशी मानसिक असते. राहिली दोन दारांची गाडी. मुलीला एवढेच सांगून पाहा, की ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० ने धावणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा दीडपटीहून अधिक असते, आणि ती सारी ऊर्जा थांबताना कुठेतरी जिरावी लागते. हे ऐकून तिचा हट्ट सुटेल असे नाही. माझ्या मुलाचा सुटला नव्हता.

पाना-पकड

मी गेली अनेक वर्षे गॅरेज चालवतो, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. आकडेमोड यांच्या मताशी मी सहमत आहे, पण एक जोड देतो: सोयी कागदावर असून उपयोग नाही, त्या चालू असाव्या लागतात.

चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझत नसेल तर यंत्रणेत बिघाड आहे, हे सगळ्यांना कळते. पण तो मुळीच लागत नसेल तर ते अधिक वाईट लक्षण आहे, कारण अपघातात एअरबॅग उघडून गेल्यावर नवी न बसवता केवळ दिवा बंद करून गाडी विकणारे लोक या व्यवसायात आहेत. त्याच वेळी गाडीच्या १७ अक्षरी ओळख क्रमांकावरून निर्मात्याने ती दुरुस्तीसाठी परत मागवली होती का, आणि ते काम झाले आहे का, हे विचारून घ्या. ताकाता कंपनीच्या एअरबॅगांमधील अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडत असे आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे आत उडत. त्यापायी अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत मागवाव्या लागल्या आणि जुन्या बाजारात त्यांपैकी दुरुस्ती न झालेली गाडी अजूनही हाती लागू शकते.

मग चारही सीटबेल्ट एकेक करून शेवटपर्यंत ओढा. खरेदी करणारा माणूस टायरला लाथ मारतो, हॉर्न वाजवतो, पण बेल्ट पुरता ओढून पाहणारा मी क्वचितच पाहिला आहे. पुरात बुडालेल्या गाडीचे गालिचे बदलता येतात, सीट धुता येतात, अत्तर मारता येते. पण आत गुंडाळून राहिलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ तशीच राहते. तिथे शंका आली तर सीटखालच्या रुळांचे बोल्ट पाहा. तिथे गंज सहसा इतका चढत नाही, आणि चढला असेल तर तो का चढला हे विचारायला हवे. पाण्यात बुडालेल्या गाडीची वायरिंग कधी दगा देईल याचा नेम नसतो. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

मीटरवरचा आकडा हा पुरावा नव्हे. कमी धावलेल्या म्हणवणाऱ्या गाडीच्या ब्रेकच्या पॅडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल आणि स्टिअरिंगचे कातडे चकाकत असेल, तर मीटर मागे फिरवले आहे असे समजावे. उलट दुप्पट धावलेली, पण वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली आणि त्याच्या नोंदी जपलेली गाडी मला स्वतःला अधिक विश्वासाची वाटते. क्वचितच चालवलेल्या गाडीत रबरी नळ्या कडक होतात, बॅटरी मरते, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून बसते. टायमिंग बेल्टलाही, म्हणजे इंजिनातले भाग एका तालात फिरवणाऱ्या पट्ट्यालाही, किलोमीटरप्रमाणेच वर्षांची मर्यादा असते. तो तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि त्या दुरुस्तीपेक्षा दुसरी गाडी स्वस्त पडते.

इंजिन थंड असतानाच गाडी पाहायला जा. ‘तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली’ असे कोणी म्हटले तर दुसऱ्या दिवशी न कळवता जा. सुरू होताना निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर बहुधा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आत शिरते आहे. शेवटी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे, विक्रेत्याच्या नव्हे, गाडी लिफ्टवर चढवून घ्या आणि त्याला गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावायला सांगा. बिघाडाचे कोड आदल्या दिवशी पुसले असतील तर गाडीच्या स्वतपासणीच्या अनेक चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात, आणि जाणकाराला तेवढी खूण पुरते.

शेजारची सीट

मी ड्रायव्हिंग शिकवते. वरच्या दोन्ही उत्तरांत गाडी आहे, चालवणारी मुलगी नाही, म्हणून थोडे लिहिते.

सौदा ठरवण्याआधी मुलीला त्या सीटवर बसवा. क्लच पूर्ण दाबताना तिचा गुडघा थोडा वाकलेला राहतो का, हेडरेस्ट तिच्या डोक्याच्या वरच्या कडेपर्यंत येते का, आणि वळणावर पाहताना काचेच्या बाजूचा खांब तिच्या नजरेच्या आड किती येतो, हे तिच्या उंचीवर ठरते, आपल्या नव्हे. माझ्या एका विद्यार्थिनीला घरच्यांनी उत्तम गाडी घेऊन दिली होती, पण सीट वर होत नसल्यामुळे ती उशी घेऊन बसे, आणि ब्रेक दाबताना ती उशी तिच्यासकट पुढे सरकत असे. हे मी शेजारी बसून पाहिले आहे.

दुसरे म्हणजे, पंखा किंवा एसी कमी-जास्त करण्यासाठी पडद्यावर तीनदा बोट टेकवावे लागत असेल, तर तिची नजर तेवढा वेळ रस्त्यावर नसते. गोल फिरणारी साधी बटणे असलेली थोडी जुनी गाडी या बाबतीत सरस ठरते. गिअर बदलण्याचाच ताण येत असेल तर ऑटोमॅटिक घेण्यात कमीपणा मानू नये. आणि गाडी कोणतीही घेतली, तरी पहिले काही महिने रात्री आणि मैत्रिणींनी भरलेली गाडी घेऊन तिने निघू नये. सोबत समवयस्क असले की नवशिक्यांच्या अपघातांचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे.

घरची गाडी

आम्ही एक सोपा मार्ग काढला. माझी स्वतःची सहा एअरबॅगांची गाडी मुलाला दिली आणि वापरलेली जुनी गाडी मी चालवू लागलो. पहिल्याच महिन्यात त्याने माझ्या गाडीचे मागचे दार फाटकाला घासले. चार दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही, हे कबूल करतो. तरीही अदलाबदल मागे घेतलेली नाही.

कोरी पाटी

सर्वांचे मनापासून आभार. काल तिन्ही गाड्या पुन्हा पाहून आले. हॅचबॅकमध्ये ते नागमोडी चिन्ह उजळले नाही. ज्या एसयूव्हीत मला सुरक्षित वाटले होते, तिच्या मागच्या सीटचा बेल्ट मी ओढत गेले, ओढत गेले आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रंगाची सरळ रेघ निघाली. विक्रेता म्हणाला, की मुलांनी काहीतरी सांडले असेल. मी बेल्ट सोडून दिला आणि निघाले.

सेडानमध्ये दोन्ही दिवे लागले आणि विझले, सर्व्हिसिंगच्या नोंदीही आहेत, आणि मुलगी तिच्यात नीट बसते. मेकॅनिकने ब्रेक पॅड बदलायला सांगितले आहेत. एकच शंका उरली आहे: टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे ३४१७ असे आहेत, पण खाचा खोल दिसतात. टायर चालतील का?

पाना-पकड

ते टायर २०१७ च्या ३४ व्या आठवड्यात तयार झालेले आहेत. खाचा खोल असल्या तरी रबर वयाने कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. अनेक वाहननिर्माते सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात. टायरच रस्ता धरत नसेल तर ईएससीही काही करू शकत नाही, म्हणून टायरचा खर्च किमतीतून वजा करून मागा आणि चारही एकदम बदला. दोनच बदलणे परवडत असेल तर नवे मागे बसवा, पुढे नव्हे, कारण मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते. स्टेपनीवरचेही आकडे वाचा. ती बहुधा त्याच वयाची असेल. ती बाहेर काढलीच आहे तर जॅक लावून एक चाक मुलीकडूनच बदलून घ्या. पाना फिरत नसेल तर नट मशीनने आवळलेले आहेत. ते तिथल्या तिथे सैल करून हाताने, नेमून दिलेल्या जोरावर पुन्हा आवळून घ्या.